कलाकंद कोणी केला?

बूढ़ापारा हा हिंदी मुलखातला एक जुना पारा, म्हणजे मोहल्ला. तिथे बाबाराव वझलवारांच्या घरी रविवारचे पोहे झाले, चहा झाला, आणि धाकटे चिरंजीव अभिनव मोबाइल घेऊन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. हे चिरंजीव या दारात कधी येतात ते वेगळं सांगायला नको. काम पडलं की.

"वहिनी, जरा लिख दो ना. आज लास्ट डेट है."

शंकर नगरात एक नवं खासगी रुग्णालय निघत होतं. त्याच्या भोजनगृहाला व्यवस्थापक हवा होता. अर्जात एक मोठा रिकामा चौकोन होता: 'आपलं कौशल्य आणि अनुभव उदाहरणासह लिहा.' अभिनवने त्यात लिहिलं होतं, मी मेहनती, प्रामाणिक आणि मनमिळाऊ आहे.

क्षमाने वाचलं आणि कपाळाला हात लावला. "हे तं सारेच लिहितात, भाऊजी. मेहनती म्हंजे काय केलं तुमी? एक दिवस सांगा. अडचण काय आली, तुमी सोता काय केलं, अन् शेवटी झालं काय. 'आमी केलं' नका लिहू, 'मी केलं' लिहा. वाचणाऱ्याले तुमी दिसले पाह्यजे."

पाऱ्यातली कितीतरी पोट्टी तिच्याकडून असे अर्ज लिहून घेऊन कामाला लागली होती.

"मी काय केलं?" अभिनव विचारात पडला. बराच वेळ पडला. सापडेना बिचाऱ्याला काही!

सापडणार कुठून? क्षमा ही घरची थोरली सून. तिचा नवरा यशदीप सहा वर्षांपूर्वी अपघातात गेला. घरचा धंदा पंगतींचा: मुंज, लग्न, डोहाळजेवण. पाटीवर नाव बाबारावांचं, मिरवायला अभिनव. शिधा काढणं, मोजमाप, मदतीच्या बायका सांभाळणं, चव बघणं, सगळं क्षमाकडे. पण पंगत बसली की तिने मागच्या खोलीतून पाऊल बाहेर टाकायचं नाही. शुभकार्यात विधवेच्या हातचं वाढप चालत नाही. वाढायला सासूबाई प्रेमलाबाई, सवाष्ण म्हणून. म्हणजे बघा, तिने शिजवलेलं चारशे माणसांच्या पोटात गेलेलं चालतं, ताटात पडताना तिचा हात तेवढा दिसायला नको. हे कसलं शास्त्र? माझं तर डोकंच फिरतं.

शेवटी क्षमाच बोलत गेली आणि अभिनव लिहीत गेला. गोल बाजाराजवळच्या मुंजीत बासुंदीचं सत्तर लिटर दूध फाटलं. पंगतीला दोन तास उरले होते. फाटलेलं दूध गाळून, पिळून, साखर घालून आटवलं आणि त्याचा कलाकंद केला. एकही ताट गोडाविना उठलं नाही. 'मी केलं, मी ठरवलं, मी सांभाळलं.' खाली एक ओळ होती, 'हा अनुभव माझा स्वतःचा आहे.' अभिनवने न वाचताच तिथे खूण केली. क्षमाने वाचली होती. ती गप्प बसली, आणि तिथेच तिचं चुकलं.

पाच दिवसांनी अभिनवला मुलाखतीचं बोलावणं आलं. बाबारावांनी पेढे वाटले. त्याच दिवशी त्या रुग्णालयाची आणखी एक जागा निघाली: बाळंतिणींच्या विभागाचं स्वयंपाकघर, फक्त महिलांसाठी, वय पस्तीसच्या आत, राहायला खोली. क्षमाला दोन महिन्यांनी पस्तीस पूर्ण होणार होती. अशी जागा पुन्हा येणार नव्हती.

तिने अर्ज उघडला, आणि हात थांबला. लिहू काय? कलाकंद गेला. जे जे आयुष्यात केलं ते दिराच्या नावावर गेलं. आता तेच लिहिलं तर लोक म्हणतील, दिराचं उतरवून काढलं! साऱ्या पाऱ्याला शब्द पुरवणाऱ्या बाईला स्वतःसाठी एक ओळ उरली नव्हती. ती चुलीपुढे बसून रडली.

मग डोळे पुसून बैठकीत आली. "भाऊजी, मी अर्ज भरून राहिली. त्यात खरं लिहीन. तुमचा तुमी मागं घ्या."

"पागल हो क्या, वहिनी? परवा इंटरव्ह्यू आहे मेरा!"

बाबाराव गरजले, "काय कमी हाय तुले या घरात? वझलवारांची विधवा सून नोकरीले गेली तं लोकं तोंडात शेण घालतील. अन् घरच्या पोट्ट्याच्या पोटावर पाय देतं?"

"बाबा, सहा वर्सं मागच्या खोलीत ठेवलं मले. कोनं पाह्यलं नाई. आता माह्या हातचं केलेलं बी माहं नाई, तं मग मी जिती काहून हाव?"

बाबारावांनी पेपर तोंडापुढे धरला. अभिनव पाय आपटत बाहेर गेला.

क्षमाने लिहिलं. कलाकंद लिहिला, आणि पुढे लिहिलं, 'हाच प्रसंग माझ्या दिरांच्या अर्जात आहे. तो मीच लिहून दिला. ती चूक माझी. काम माझं आहे.' शेवटी विचारलं होतं, तुमचं काम प्रत्यक्ष पाहिलेली एक व्यक्ती. पुढच्या पंगतीतल्या कोणी तिला पाहिलंच नव्हतं. मदतीच्या बायका दर पंगतीला नव्या. पुढून मागच्या खोलीत भांडी भरून न्यायला एकच माणूस येई.

"आई, तुमचं नाव टाकू?"

प्रेमलाबाईंनी परात आदळली. पण नाही म्हणाल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रेमलाबाई मेथी निवडत असताना फोन वाजला. मेथीने हात भरलेले, म्हणून त्यांनी फोन जमिनीवर ठेवून आवाज मोठा केला. बाई रुग्णालयातल्या होत्या. "माताजी, दोन अर्जांत एकच गोष्ट आहे. सच बताइए, वो कलाकंद किसने बनाया था?"

अभिनव हातवारे करू लागला. बाबाराव उठून उभे राहिले. क्षमा दाराला टेकून उभी होती.

प्रेमलाबाईंनी मुलाकडे पाहिलं. पोटचा पोरगा तो, जीव तुटला त्यांचा. मग म्हणाल्या, "बहू ने बनाया. क्षमा ने. मैं वहीं थी."

"तो फिर आपके सिवा और कोई उसका काम जानता क्यों नहीं?"

"मैं ही उसको पीछे रखती थी."

"क्यों, माताजी?"

प्रेमलाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. कधी उत्तराला न अडलेले बाबाराव भिंतीकडे बघत होते. आणि प्रेमलाबाई हिंदी विसरून आपल्या बोलीत बोलल्या, "मले कोनं सांगतलंच नाई बाई, काहून ते. अन् म्या बी कधी इचारलं नाई."

वाचकहो, तुमच्या घरी पुढच्या कार्याची पंगत बसेल तेव्हा एकदा मागच्या खोलीत जाऊन या. तिथे कोणी क्षमा असेल, तर तिला तोंडावर सांगा, तिने पुढे का यायचं नाही. सांगता आलं नाही, तर वाढायचं भांडं तिच्या हातात द्या.