साक्षीतला कोंबडा

किल्ल्यांच्या जुडग्याला ती कुपी लटकत होती – बोटाच्या पेराएवढी, पितळी, आटे असलेल्या झाकणाची, आत जेमतेम अर्धा चमचा तेल – आणि कुलूप उघडताना ती नीताच्या मनगटावर पुन्हा पुन्हा आपटत राहिली. हलकंसंच लागत होतं, पण लागत होतं. तिने जुडगा दुसऱ्या हातात घेतला, तर ती तिथेही आपटली. ज्याला टोचायचंच असतं त्याला कुठलाही हात चालतो.

जुडगा केतनचा. सकाळी कामावर निघताना त्याने तो तिच्या हातात ठेवला आणि नवरे सांगतात तसं तिला आधीच ठाऊक असलेलं सगळं पुन्हा सांगितलं – दिपिकाचा बाप्तिस्मा चारला, पाणी अकराला येतं आणि एकला जातं, कुंड तेवढ्यात भरून घे, कमरेच्या वर हवं, माणूस पुरता बुडला पाहिजे. कुपीबद्दल तो काही बोलला नाही. कशाला बोलेल? त्यांच्या मॉर्मन ख्रिस्ती मंडळीत आजाऱ्याच्या डोक्याला लावायचं ते आशीर्वादाचं तेल. केतन ते गेली नऊ वर्षं किल्ल्यांबरोबर बाळगतो, दुसरा एखादा बाटलीचा ओपनर बाळगतो तसं.

उरण नाक्याच्या अलीकडचा हा तळमजल्यावरचा हॉल. पूर्वी इथे दहावीचे क्लासेस चालायचे. भिंतीवरचा फळा अजून तसाच आहे, आणि त्याच्या कोपऱ्यातलं त्रिकोणाचं क्षेत्रफळ कोणीच पुसलेलं नाही. फळ्यासमोर निळ्या ताडपत्रीचं कुंड उभं केलं होतं. नीताने पाइप आत सोडला, नळ फिरवला, आणि प्लास्टिकची खुर्ची ओढून बसली. पाणी आधी खोकलं, मग आलं. तेवढ्यात शाखेचे अध्यक्ष, ब्रदर आनंदा, यांचा फोन.

"सिस्टर नीता, पाण्यात उतरायच्या आधी दिपिकाला तुमची साक्ष ऐकू दे. आर्यनची. त्या साक्षीमुळेच तर ती इथपर्यंत आली."

"हो," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार...

साक्ष म्हणजे उभं राहून आपला विश्वास सगळ्यांसमोर सांगायचा. त्यात 'मला वाटतं' चालत नाही, 'मी जाणते' असं म्हणायचं असतं. कोणी चहा सोडल्याचं सांगताना रडतो – आणि नवीन माणसाला हसू येतं, पण ज्याने जन्मभर सकाळी उठून आधी आधण ठेवलंय त्याला विचारा – कोणी दारू सोडल्याचं सांगतो, कोणी नवऱ्याने मारणं सोडल्याचं. नीताची साक्ष आर्यनची. दोन हजार बाराचे गणपती उठले आणि तिच्या पाच वर्षांच्या आर्यनला डेंग्यू झाला. प्लेटलेट्स अठरा हजारांवर आल्या. संध्याकाळी भेटायच्या वेळेत केतन आणि मंडळीतला एक जण आले, पोराच्या टाळूला तेलाचा थेंब लावला, दोघांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. दुसऱ्या दिवशी दुपारी आकडा चाळीस हजार. मी जाणते की देवाने माझ्या मुलाला बरं केलं, असं म्हणून ती खाली बसायची, आणि हॉलमध्ये नाकं ओढल्याचे आवाज यायचे.

सात वर्षांत ही साक्ष किती वेळा दिली असेल? सांगून सांगून तिला गुळगुळीतपणा आला होता, पायरीच्या दगडाला येतो तसा. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा हे नीताला आता विचार न करता जमे. खोटं त्यात एक अक्षर नव्हतं. फक्त त्यात कोंबडा नव्हता.

कारण त्याच संध्याकाळी, केतन यायच्या तासभर आधी, हॉस्पिटलच्या जिन्यात भिंतीला कपाळ लावून नीता, बेलपाड्याची ही आगऱ्याची पोर, म्हणाली होती – आई एकवीरे, माझ्या बाळाला घरी आण, तुला साडीचोळीची ओटी भरीन, कोंबडा देईन. ओठ आपोआप हलले. आठवण काढावी लागली नाही, शब्द शोधावे लागले नाहीत. आईच्या, आजीच्या, साऱ्या गावाच्या तोंडचं तेच वाक्य तिच्याही तोंडी आलं, आणि ते म्हणताना तीन वर्षांपूर्वी आपण पांढऱ्या कपड्यांत पाण्यात बुडून काय कबूल केलं होतं ते तिला आठवलंसुद्धा नाही. आठवलं ते नंतर, तेलाचा वास आल्यावर.

आणि नवस बोललेला ठेवतात का? देवीचं देणं अंगावर ठेवून पोराला शाळेत पाठवायची तिची छाती नव्हती. मग डिसेंबरात लोणावळ्याला मावसबहिणीच्या हळदीचं निमित्त काढलं – केतनला सांगायला. आई, जनी, बरोबर होती. कार्ल्याच्या पायऱ्या चढताना जनी पुढे, खाली पायथ्याशी कोंबड्याचं झालेलं, वर ओटी भरली, आणि उतरल्यावर जनी म्हणाली, "च्या घेशील ना गो? का तुमच्या देवाला तोही नाय चालत?" नीताने घेतला. दोन कप घेतले. त्या चहाची चव तिला आजही जशीच्या तशी आठवते, आणि त्याचीच तिला सगळ्यात जास्त लाज वाटते. पुढे कधी रविवारच्या वर्गात तो धडा लागे, ज्यात गुरूला पकडून नेल्यावर एक शिष्य तीनदा 'मी त्याला ओळखत नाही' म्हणतो आणि कोंबडा आरवतो, तेव्हा सगळे मान हलवत आणि नीता पुस्तकातून डोकं वर काढत नसे. चोराच्या मनात चांदणं.

तरीही एवढं चाललं असतं. दोन डगरींवर पाय ठेवून माणसं आयुष्य काढतात, तिनेही काढलं असतं. दिपिका आली नसती तर.

दिपिका त्यांच्याच कामोठ्याच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणारी, मोरा बंदरातल्या कोळ्यांची सून. गेल्या पावसाळ्यात तिच्या चार वर्षांच्या रियाला जिन्यात आकडी आली. नीताने पोरीला कुशीवर धरलं, शुद्धीवर येईपर्यंत धरून ठेवलं, आणि मग दिपिकाला घरी नेऊन सरबत दिलं आणि... साक्ष दिली. त्या वेळी तिच्या मनात पाप नव्हतं. समोर एक बाई थरथरत होती आणि नीताजवळ धीराचं असं तेवढंच होतं. दिपिका ऐकत राहिली. पुढच्या रविवारी हॉलवर आली, मग दर रविवारी.

दिवाळीत तिची सासू शांती मोऱ्याहून आली. मासळी विकून घट्ट झालेली, सरळ बोलणारी बाई. चैत्रात आईच्या यात्रेला जाऊ, पोरीसाठी नवस बोल, म्हणाली. दिपिका नाही म्हणाली. नीताताईने बोलला नव्हता, तरी तिचा मुलगा बरा झाला, म्हणाली. शांतीने मान वळवून दारात उभ्या नीताकडे पाहिलं. "खरा काय गो? आगऱ्याची पोर तू. पोरगा मरनाच्या दारात, नि तू आईला हाक नाय मारलीस?"

"नाही," नीता म्हणाली.

एक शब्द. सात वर्षं तिने फक्त झाकलं होतं. खोटं बोलली ती त्या दिवशी, आणि तेही एका म्हातारीच्या तोंडावर. शांती त्याच दिवशी बोचकं उचलून गेली. रिया आजीबद्दल विचारते, असं दिपिका अधूनमधून सांगायची, आणि नीता विषय बदलायची.

पाणी गेलं तेव्हा कुंड भरलेलं होतं.

दिपिका दोनलाच आली. एका पिशवीत टॉवेल, एका पिशवीत कोरडी साडी, आणि डोक्यात अबोलीची वेणी. "सवय गं ताई, बाहेर निंगताना हात जातोच," ती ओशाळून म्हणाली. हितेश, तिचा नवरा, बंदरातली पाळी संपवून रियाला घेऊन चारला येणार होता. नीताने इस्त्री केलेले पांढरे कपडे खुर्चीवर ठेवले आणि तिला समोर बसवून वेणी सोडायला घेतली.

"घट्ट बांधायला हवेत. पाण्याबाहेर केसाचं टोक जरी राहिलं तरी पुन्हा बुडवतात."

"पुना? मंग घट्टच बांधा." दिपिकाचे केस दाट, खोबरेल मुरलेले. नीताने तीन पेड पाडले. "ताई, आर्यनची गोष्ट सांगा ना परत. ती आयकली का मला बरा वाटतं."

नीताने सुरुवात केली. गणपती उठले होते... अठरा हजार... केतन आला... जीभ आपली वाट चालत होती, हात आपला गोफ विणत होते, आणि मधे कुठेतरी नीता नुसती बसून या दोघांकडे पाहत होती. समोर फक्त मानेचा खळगा दिसत होता, त्यावर बारीक लव, घामाचा एक थेंब. ही मान मी थोड्या वेळाने पाण्याखाली पाठवणार. कशाच्या भरवशावर? जुडगा मांडीवर होता. कुपी गार लागत होती.

"तेल लावायच्या आधी," नीता म्हणाली, आणि हा तिच्या साक्षीतला शब्द नव्हता, "मी जिन्यात उभी राहून आईला नवस बोलले होते, दिपिका."

रस्त्यावरून एक रिक्षा गेली, मग दुसरी.

"कोंबरा का बकरा?" दिपिकाने विचारलं.

"कोंबडा. आणि ओटी."

"फेडलात?"

"फेडला. कार्ल्याला जाऊन. केतनलाही माहीत नाही."

"मंग पोरगा कोनी बरा केला?"

सात वर्षं 'मी जाणते' म्हणणाऱ्या तोंडाला ते वाक्य जड गेलं. "मला माहीत नाही. सलाईनही चालू होती."

दिपिकाच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर नीताने तो पदरात घेतला असता.

"मी सासूला तोंडावर 'नाय' बोलले. तुमच्या जिवावर. दिवाळीपासून पायरी नाय चढली ती माझी. तुमी दारात हुभ्या व्हत्या ताई."

"हो. होते."

"मंग तवा का नाय सांगितलात?"

काय सांगायचं? की लोक माझी साक्ष ऐकून रडायचे आणि ते मला आवडायचं? की केतन माझ्याकडे ज्या नजरेने बघतो ती नजर मला गमवायची नव्हती? की तुझी सासू विचारत होती तेव्हा मला पहिल्यांदा माझ्या आईची आठवण झाली, आणि मी त्या दोघींना एका शब्दात दाराबाहेर काढलं... "भ्याले," ती म्हणाली. "आणि तू मला मोठं समजत होतीस, ते मला हवं होतं."

"मंग तुमी अजून हितं कशाला येता?"

हा प्रश्न तिला कोणीच विचारला नव्हता, तिने स्वतःलाही नाही. ती अर्धी वेणी हातात धरून बसली. तयार असं काही सापडेना, तेव्हा जे होतं तेच सांगितलं.

"त्या दिवशी आर्यनच्या डोक्यावर हात ठेवले तेव्हा केतनचे हात थरथरत होते. मी त्याला तसं कधी बघितलं नव्हतं. त्याने देवाला काही देऊ केलं नाही. अमुक कर, मग तमुक देईन, असं नाही. नुसतं मागितलं. मी बाजूला उभी होते, माझा सौदा करून आलेली, आणि मला त्याचा हेवा वाटला. मला अजून तसं मागता येत नाही. येईल म्हणून येते. एवढंच आहे गं माझ्याकडे."

दिपिकाने हात मागे नेला, वेणी कुठवर आलीय ते चाचपलं, आणि हात परत मांडीवर ठेवला. "पुरी करा," ती म्हणाली.

घट्ट बांधू का, हे विचारायचा धीर नीताला झाला नाही. घरी जायची वेणी सैल चालते. तिने धाकट्या बहिणीची घालावी तशी घातली, शेवटाला रबर तीनदा फिरवलं. दिपिका उठली. कोरड्या साडीची पिशवी घेतली, खुर्चीवरचे पांढरे कपडेही घेतले, अबोलीची वेणी घेतली, आणि बाथरूममध्ये जाऊन आतून कडी लावली. थोड्या वेळाने आतून तिचा आवाज आला, फोनवरचा, दबलेला. "आये... मी दिपिका." मग नुसतं हुंकार देणं, मग काहीच नाही.

दुसऱ्याच्या सासूशी चाललेलं बोलणं ऐकू नये म्हणून नीता कुंडापाशी गेली. पाणी स्थिर होतं, त्यात वरची ट्यूब दिसत होती. हलकं वाटेल असं तिला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. इतकी वर्षं लपवल्याची टोचणी होती, ती गेली, आणि तिच्या जागी मोडल्याची आली – कदाचित एका बाईचा आधार मोडला, तोही ऐन वेळी, स्वतःचं मन मोकळं करायला. चारला केतन येईल. त्याला सांगावं लागेल. ब्रदर आनंदा नाव पुकारतील, ती फळ्यापुढे उभी राहील, आणि पहिलं वाक्य कुठलं म्हणायचं ते तिला माहीत नव्हतं.

तिने हात पाण्यात बुडवला. बंद दाराकडे पाहिलं. आणि ओठ आपोआप हलले – देवा, ती जर पांढऱ्या कपड्यांत बाहेर आली, तर मी...

'तर'पाशी ती थांबली. दात ओठात रुतवून थांबली. जिभेवर देण्याच्या वस्तू रांगेने येऊन उभ्या राहिल्या. तिने एकीलाही बाहेर येऊ दिलं नाही. मग उरलं नुसतं मागणं, आणि ते कुठलं – दिपिका पांढऱ्यात यावी, की साडीत यावी आणि मोऱ्याला जावी – हेही तिला धड कळेना. तिचे हात थरथरायला लागले होते. कुंडातलं पाणी त्यांच्याभोवती हलत होतं, आणि आत कडी वाजली.