बेडकीची डावी सीट

उगमबाई दहा वर्षांत कुठल्याही वाहनात बसल्या नव्हत्या. एसटीत नाही, रिक्षात नाही, सख्ख्या मुलाच्या सुमोतही नाही. जुन्नरच्या पेठेत खाली नवऱ्याचं, जवरीलाल शेठजींचं, किराणा दुकान, वर घर, आणि तिथून पायी जाऊन पायी परत येता येईल एवढीच त्यांची दुनिया. लेक नीलम मंचरला दिलेली. तिच्या बाळंतपणाला उगमबाई नारायणगावच्या जैन स्थानकात मुक्काम करून चालत गेल्या, आणि नातीचं तोंड बघून चालतच परत आल्या. लोकांनी आधी नवल केलं, मग कौतुक केलं, मग सवयीनं विसरून गेले. लोकांचं तसंच असतं.

आता त्यांच्या पोटात गाठ निघाली होती. डॉक्टरांनी जिनेशला, धाकट्या मुलाला, बाजूला घेऊन सांगितलं, "पुण्याला न्या. ऑपरेशन या महिन्यात करा. पुढच्या महिन्यात मला विचारायला येऊ नका."

आणि उगमबाई म्हणाल्या, "चालत जाऊ." दुखण्यानं त्यांना जिना उतरवत नव्हता.

या हट्टामागं एक नियम होता, आणि नियमामागं पिंटू होता.

पिंटू थोरला. शेठजींना वाटायचं पोरानं तराजू धरावा, आणि पोराच्या हातात बघावं तर पाना. डिंगोऱ्याला एका गोठ्यात म्हशींच्या शेजारी जुनी विलायती गाडी पडून होती. दोघांपुरती, उघडी, लाल, लांब नाकाची, कधीकाळी शर्यतीत पळवायची जात. मुंबईचा कुणी पारशी माळशेज चढून आला, गाडी तिथं बंद पडली, 'परत येतो' म्हणून गेला तो गेलाच. पिंटूनं ती बैल लावून बाहेर काढली आणि आळेफाट्याला मित्राच्या, सुदर्शनच्या गॅरेजात आणून उभी केली. तिचे बाहेर आलेले दिवे बघून आळ्याच्या लोकांनी तिचं नाव ठेवलं बेडकी. दोघा मित्रांनी मिळून बेडकीचं इंजिन खोललं, आणि ते परत जोडायच्या आत पिंटूला कावीळ झाली.

नारायणगावच्या एका दवाखान्यात तो पिवळाजर्द होऊन पडला होता. उशाशी आई, पायथ्याशी सुदर्शन.

"बाई," पिंटू म्हणाला. घरात सगळे आईला बाईच म्हणत. "बेडकी तयार झाली की पहिली तू बसायची. तुझी सीट भरून ठेवलीय मी."

उगमबाईंनी त्याच्या कपाळावर हात ठेवला. "बसेन. आणि तोवर दुसऱ्या कशातच बसणार नाही. तेव्हा लवकर बरा हो, नाहीतर आईला चालवून चालवून मारशील."

पोराला जगण्याशी बांधून ठेवायला आईनं टाकलेला तो दोर होता. पोरगं दुसऱ्या दिवशी गेलं आणि दोर आईच्या हातात राहिला. पिंटूला गाडीतून जुन्नरला नेलं, आणि उगमबाई मागून चालत आल्या. पोचल्या तेव्हा सगळं आटोपलं होतं.

जैनांच्या घरात नियम काही नवे नसतात. कुणी गोड सोडतं, कुणी चातुर्मासात हिरवी भाजी सोडतं. पण शहाणा माणूस नियम घेताना आगार ठेवतो, म्हणजे सूट ठेवतो: आजारी पडलो तर हे चालेल, अडचण आली तर ते चालेल. उगमबाईंनी आगार ठेवलाच नव्हता. मरणाऱ्या पोरापुढं कोण सवलती मागत बसतं? साध्वीजींनी स्वतः समजावून सांगितलं, की आजाराचा आगार प्रत्येक पचक्खाणात, म्हणजे घेतलेल्या नियमात, धरलेलाच असतो. उगमबाईंनी हात जोडून ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सूत्रात असेल, महाराजसाहेब. माझ्या जिभेवर नव्हता."

ॲम्ब्युलन्स? तेही वाहनच. जिनेश वैतागून म्हणाला, "मग पालिताण्याच्या डोंगरावर नेतात तशी डोली करून नेऊ का पुण्यापर्यंत?" शेठजी म्हणाले, "तिच्या नियमापुढं माझं कधी चाललंय?" आणि भिंतीकडं तोंड करून त्यांनी डोळे पुसले.

तेव्हा जिनेशनं सुमो काढली आणि आळेफाटा गाठला.

सुदर्शन आता पस्तिशीचा होता. गॅरेजात ट्रॅक्टर, जीपा, टेम्पोंची गर्दी, आणि मागच्या पत्र्याच्या शेडात ताडपत्रीखाली बेडकी. दर अमावस्येला तो तिची धूळ झटकायचा, चाकांत हवा भरायचा, खोललेल्या इंजिनाच्या तुकड्यांना तेल लावून पुन्हा फडक्यात बांधायचा. कुणी विकत मागितली तर म्हणायचा, "माझी न्हाई, पिंट्याची हाये." जसा काही पिंट्या चहा प्यायला गेलाय.

जिनेशचं सगळं ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, "इंजिनाच्या ब्लॉकला तडा हाये. दोन येळा वेल्डिंग मारली, दोन्ही येळा उकललं. तसलं इंजिन आता कुठं घावत न्हाई."

"मग दुसरं बसव. नवं बसव. पण मला गाडी चालू पाहिजे, सुदर्शनभाऊ. माझ्या आईला मरू देऊ का मी?"

सुदर्शननं मान खाली घातली. दुसरं इंजिन बसतं हे त्याला का ठाऊक नव्हतं? येणारा प्रत्येक ड्रायव्हर त्याला ते फुकटात शिकवून जायचा. त्यानं ते केलं नव्हतं एवढंच. "आणतो," तो म्हणाला.

पुण्याच्या जुन्या बाजारात मागून चेपलेल्या एका जिप्सीचं इंजिन मिळालं, गिअरबॉक्ससकट. जेमतेम दोन वर्षं चाललेलं, कॉम्प्युटरवालं. मग आठ-दहा दिवस सुदर्शननं गॅरेजचं दुसरं काम बंद ठेवलं. जुनं इंजिन लांब आणि अरुंद, नवं आखूड आणि रुंद. उंच, किडकिडीत आईच्या झग्यात ठेंगणी, लठ्ठ लेक घालावी तसा प्रकार. खालचं तेलाचं चेंबर चासीच्या आडव्या पट्टीला लागत होतं, ते कापून उथळ केलं. इंजिन टेकवायचे फौंडेशन जाड पत्र्यातून नवे घडवले. मागची चाकं फिरवणारा प्रॉपेलर शाफ्ट लेथवर नेऊन आखूड करून आणला. बॉनेट मिटेना, तर त्याला वर फुगवटा ठोकला. कॉम्प्युटरचा डबा डॅशबोर्डखाली लपवला.

सगळ्यात अडला गिअरबॉक्स. तो जुन्यापेक्षा जाडजूड, आणि त्याला जागा द्यायची तर मधला पत्रा डावीकडं सरकवायचा, म्हणजे डावी सीट कापायची. हाताखालचा कारागीर, हौशीराम, खडूनं खूण करून मोकळाही झाला होता. सुदर्शननं खडूची खूण अंगठ्यानं पुसली.

"ती शीट कापायची न्हाई. ड्रायव्हरच्या बाजूनं काप."

"मालक, मग चालवनाराचा पाय वाकडा व्हईल."

"चालवनारा मी हाये."

ती सीट पिंटूनं आपल्या हातानं भरली होती. दुकानातल्या गादीचा कापूस उचकटून, शेठजींच्या शिव्या खाऊन, उसवलेलं कातडं दाभणानं शिवून. दहा वर्षांत तिच्यावर कुणी बसलं नव्हतं. सुदर्शनही नाही.

गाडी तयार झाली त्या सकाळी जिनेशनं त्याला फोनवर बजावलं, "बाईला इंजिनाचं बोलू नकोस. नियमाला धरून बसेल. एकदा बसली, की सुटली." सुदर्शन बरं म्हणाला. खोटं बोलायचं म्हटलं की सोपं वाटतं. समोर माणूस आलं की कळतं.

बेडकी जुन्नरच्या पेठेत शिरली तेव्हा दुकानदार फळीवरून उतरून बघायला आले. आवाज कसला, नुसती गुरगुर. सुदर्शन पाय वाकडा करून बसलेला. दारात उगमबाई पांढऱ्या लुगड्यात जिनेशच्या खांद्याला धरून उभ्या होत्या. चेहरा इतका उतरला होता, की सुदर्शननं ठरवून आणलेलं वाक्य सोडून दिलं.

"आलास?" त्या म्हणाल्या. "पिंटूनं खोललेलं इंजिन जोडलंस?"

जिनेश मागून डोळ्यांनी खुणावत होता. सुदर्शननं किल्ली फिरवून गाडी बंद केली.

"न्हाई, मावशी. ते फुटलेलं व्हतं. हे दुसरं हाये. नवं."

जिनेशनं कपाळाला हात लावला. सुदर्शनला वाटलं, आता या म्हणणार, जीव बदलला म्हणजे गाडीच बदलली.

"बरं केलंस," उगमबाई म्हणाल्या. "फुटलेलं कुठवर सांधणार? आणि गाडीला कसला आलाय जीव! ती अजीव. लोखंड गेलं, लोखंड आलं."

"मग बस ना, बाई!" जिनेशचा आवाज फुटला.

पण उगमबाई बसल्या नाहीत. ओट्याच्या पायरीवर टेकल्या आणि गाडीकडं बघत राहिल्या. मग हळू बोलल्या, ते फक्त सुदर्शनला आणि जिनेशला ऐकू गेलं.

"मला गाठीचं भय नाही रे. इंजिनाचंही काही नाही. यात बसले की नियम संपला. रोज चालताना पाय दुखायचे, आणि प्रत्येक पावलाला वाटायचं, पिंटूचं काम अजून बाकी आहे. ते संपलं, तर माझ्याजवळ त्याचं काय राहील?"

सुदर्शन गाडीतून उतरला आणि त्यांच्या पायाशी रस्त्यावरच बसला.

"मावशी, आसलं दुसरं इंजिन मला धा वर्सांमागंच बसवता आलं आसतं. लई सोपं व्हतं. मी बसवलं न्हाई." "गाडी आर्धी हाये तवर पिंट्या कायतरी सामान आनायला गेलाय आसं वाटायचं. येईल आन म्हनंल, दे पाना. मीच त्याला वाटंवर उभा ठेवला. तुमाला बी चालवलं मी. माझ्यामुळं चाललात तुमी."

उगमबाई त्याच्याकडं बघत राहिल्या. त्यांचं पोर गेलं तेव्हा सगळा गाव त्यांना भेटायला आला होता. या पोराचा मित्र गेला तेव्हा याला कोण भेटायला गेलं होतं? हा विचार त्यांना आजवर शिवलाच नव्हता. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"तुझ्यामुळं नाही. मला चालायचंच होतं. दोघांनी मिळून त्याला बाहेर उभं ठेवलं आपण." त्या जिनेशच्या आधारानं उठल्या. "आता सोडू या त्याला. चल, दार उघड."

डाव्या सीटवर त्या बसल्या आणि त्यांचे पाय खाली टेकेचनात. पोरानं ठेंगण्या आईला रस्ता दिसावा म्हणून कापूस इतका ठासून भरला होता, की त्या ओट्यावर बसवलेल्या लहान मुलीसारख्या दिसायला लागल्या. उगमबाईंनी लोंबकळत्या पायांकडं पाहिलं.

"मेल्याला आईची उंचीसुद्धा कधी कळली नाही," त्या म्हणाल्या, आणि हसता हसता तोंडाला पदर लावून रडल्या. सुदर्शननं गाडी चालू केली.

नारायणगावापर्यंत त्यांनी बेडकीतून जायचं, तिथून पुढं पुण्याला सुमो, असं ठरलं होतं. जिनेशची सुमो मागून येत होती. हा तोच रस्ता, पिंटू गेला त्या दिवशी त्या ज्याच्यावरून चालत आल्या होत्या. द्राक्षांचे मांडव, ऊस, कालव्याचं पाणी. सुदर्शन खड्डे चुकवत, दमानं चालवत होता. मध्ये एकदाच त्या बोलल्या: "इथं त्या चिंचेखाली एका बाईनं मला पाणी दिलं होतं. मी तिचं नावसुद्धा विचारलं नाही." चिंच मागं गेली.

नारायणगावात सुमोजवळ त्या उतरल्या. पण सुमोत चढायच्या आधी रस्त्याच्या कडेला बसल्या. उजव्या हाताची मूठ मिटून जमिनीला टेकवली आणि नवकार मंत्र म्हणायला लागल्या. पचक्खाण सोडायची त्यांच्यात तीच रीत: मूठ मिटायची, नवकार म्हणायचा, मूठ उघडायची. नवकार संपला तरी मूठ तशीच. बोटं पांढरी पडली होती. जिनेश वाकणार होता, त्याला सुदर्शननं हातानं थोपवलं. मग एकेक बोट सुटत गेलं आणि तळहात मोकळा झाला.

सुमोत बसल्यावर त्यांनी काचेतून सुदर्शनला जवळ बोलावलं.

"त्या सीटवर आता माणसं बसव. आजपासूनच. हा नियम तुझा. याला आगार नाही."

सुमो पुण्याच्या दिशेनं गेली. ऑपरेशनचं काय होईल ते कुणालाच सांगता येत नव्हतं.

सुदर्शन आळेफाट्याकडं परत निघाला. डावीकडं रिकामी सीट, कापसावर उगमबाई बसल्याचा दाब अजून तसाच. पिंपळवंडीच्या फाट्यावर एक म्हातारी डोक्यावर पाटी घेऊन उभी होती. तिनं हात केला, मग ही कसली गाडी ते बघून हात मागं घेतला. सुदर्शन पुढं गेला. थोडं पुढं जाऊन थांबला, आणि गाडी मागं घेतली.

"बसा, आजी."

म्हातारी पाटी सांभाळत चढली, बसली. "आरं देवा, लई उंच हाये की रं! पायच पोचंनात. कुनी केलीय ही?"

"माझ्या दोस्तानं," सुदर्शन म्हणाला. "व्हता एक." व्हता हे त्यानं दहा वर्षांत पहिल्यांदा म्हटलं, आणि त्याला पुढचा रस्ता दिसेनासा झाला.

म्हातारीनं त्याच्याकडं पाहिलं. पाटी मांडीवर घेतली आणि तो गाडी चालवण्याजोगा होईपर्यंत बसून राहिली.