नासपतीच्या लाकडाचा शिक्का आणि रोमानियाची बस

टपाल कचेरीतला शिक्का तुम्ही पाहिला असेल, मित्रांनो. मी त्या जातीचा नाही. मला शाई लागत नाही, पीठ लागतं. मी नासपतीच्या लाकडाचा, तळहाताएवढा जुना शिक्का आहे आणि पेलिओ डोंगरावरच्या आमच्या गावात, स्तामातियाबाईंच्या स्वयंपाकघरात राहतो.

मला बाईंच्या वडिलांनी कोरलं, त्यांच्या लग्नात द्यायला. माझ्या तोंडावर क्रूस आहे आणि त्याच्या चार कोपऱ्यांत 'येशू ख्रिस्त विजयी' ही अक्षरं, उलटी कोरलेली, म्हणजे कणकेवर सुलटी उमटतात. आमच्याकडे रविवारच्या उपासनेचा पाव घरोघरच्या बायका भाजून देतात. मी ज्यावर उमटलो तोच पाव वेदीवर जातो. फादर माझ्या खुणेवरून मधला चौकोन कापतात आणि गावातल्या जिवंत-मृत माणसांची नावं घेतात. पन्नासहून जास्त वर्षं मी हे काम केलं. "स्तामातियाच्या पावावरचं अक्षर म्हणजे छापील," असं लोक म्हणायचे आणि मला ते फार आवडायचं. का खोटं बोलू?

नवरा गेला तेव्हा बाई अडुसष्टच्या होत्या. वर्षभर काळे कपडे घालून त्या घरात बसल्या. मग एके दिवशी त्यांनी मला रुमालात बांधलं आणि खालच्या शहराची पहिली बस धरली. तिथून आम्ही क्रीटला गेलो, सायप्रसला गेलो, कोर्फूला गेलो. जिथे जाऊ तिथे बाई उपासना संपल्यावर विचारायच्या, "हा पाव कुणी केला?" मग त्या बाईच्या घरी जाऊन भट्टीपाशी ठाण मांडायच्या. सायप्रसमध्ये एकीने कणीक मेलेल्या नवऱ्याच्या घोंगडीत गुंडाळून फुगवली, तर बाईंनी तिला का, किती वेळ, दुसरी घोंगडी का नाही, असं विचारून भंडावून सोडलं.

"या वयात इतक्या चौकशा कशाला?" गावातल्या बायका नाक मुरडायच्या.

"देवाने एवढं मोठं जग केलं," बाई म्हणायच्या, "आणि मी एक डोंगर पाहून त्याच्यासमोर जाऊन उभी राहू? तो विचारेल, बाकीचं आवडलं नाही का?"

शहात्तराव्या वर्षी त्यांनी रोमानियाच्या बसमध्ये नाव घातलं. तिथल्या बायका एका मोठ्या पावाऐवजी पाच छोटे पाव करतात, एवढं ऐकलं आणि बाईंची झोप उडाली. बसला तीन आठवडे होते. मध्ये संदेष्टा एलियाचा सण आला. त्या दिवशी सगळं गाव डोंगरमाथ्यावरच्या छोट्या देवळात चढतं, आणि सणाचा पाव आमचा होता.

आदल्या दिवशी सकाळी बाईंनी कणीक मळली, मला पीठ लावलं, दाबलं आणि पाव भट्टीत सरकवला. एक गोष्ट राहिली. शिक्का मारल्यावर कडेने काडीने भोकं पाडावी लागतात. नाहीतर आतली वाफ वर येते आणि सगळं फुगून अक्षरं पुसली जातात. इतक्या वर्षांत पहिल्यांदा बाई भोकं पाडायला विसरल्या. पाव बाहेर आला तो टेंगूळ आल्यासारखा. मी त्यावर कुठेच नव्हतो.

दुपारी फादर आर्गिरिस पाव न्यायला आले. त्यांनी तो हातात घेतला, वळवून पाहिला.

"स्तामातियाकाकू, मी कापू कुठे?"

"कुठेच नका कापू, फादर. भोकं राहिली. माझी चूक."

बाईंचा मुलगा ग्रिगोरिस दारात उभा होता. बावन्न वर्षांचा, सफरचंदांचा ट्रक चालवणारा, चर्चमध्ये फक्त ईस्टरला दिसणारा.

"झालं का आता, आई? घरच्या भट्टीत भोकं विसरतेस, आणि परक्या देशात पासपोर्ट विसरलीस तर? बसवाल्याला मी फोन करतो. आणि हा शिक्काही आता भिंतीवर लावू, छान दिसेल. खिळा मी ठोकतो."

खिळा माझ्यातूनच जाणार होता. पण त्याहून मी घाबरलो ते बाईंच्या तोंडाकडे बघून. क्षणभर त्यांना मुलाचं पटलं होतं.

मग त्यांनी पदराला, म्हणजे ॲप्रनला, हात पुसले.

"फादर, संध्याकाळपर्यंत वेळ आहे ना? ग्रिगोरिस, हात धू."

"मी?"

"तूच. विसरले मी, कारण डोकं रोमानियात होतं. तुझं डोकं इथेच आहे ना? मग मळ."

फादर खुर्ची ओढून बसले, त्यांना हे बघायचंच होतं. ग्रिगोरिसने कणीक मळली, कोपरापर्यंत पीठ माखून घेतलं, तोंडावर आलेल्या शिव्या फादरांकडे बघून गिळल्या. त्याने मला दाबलं तेव्हा मी तिरका बसलो.

"वाकडा बसला," तो म्हणाला.

"देवाला मान वाकडी करता येते," बाई म्हणाल्या. "काडी घे."

त्याने एक-एक भोक मोजून पाडलं. संध्याकाळी पाव निघाला. अक्षरं तिरकी, पण सगळी होती.

बस निघाली त्या दिवशी बाईंनी रुमाल घेतला, तेव्हा मी तयारच होतो. पण त्यांनी मला उचलून ग्रिगोरिसच्या हातात ठेवलं. "दोन रविवार तुझे. तिथे मी दाखवायला नाही चालले, बघायला चाललेय. मोकळ्या हातांनी जाऊ दे मला."

खरं सांगतो, मला फार वाईट वाटलं. सात वर्षांत त्या मला सोडून कुठे गेल्या नव्हत्या.

पहिल्या रविवारी ग्रिगोरिसने पाव भाजला आणि मलाही खिशात घालून चर्चमध्ये नेलं. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. तो मागच्या खांबापाशी उभा राहिला. फादरांनी नेहमीची प्रार्थना म्हटली, जमिनीवरून, पाण्यावरून आणि आकाशातून प्रवास करणाऱ्यांसाठी. ही ओळ दर रविवारी असते, पण आजवर ती त्याच्या नुसतीच कानावरून गेली होती. त्याने खिशात मला घट्ट धरलं आणि मोठ्याने म्हटलं, "हे प्रभू, दया कर." पुढच्या रांगेतल्या बायकांनी वळून पाहिलं. तो नजर न चुकवता उभा राहिला.

म्हणून सांगतो, मित्रांनो, तुमच्या घरातल्या जुन्या वस्तूंना खिळा ठोकून भिंतीवर टांगू नका, आणि म्हाताऱ्या माणसांना खुर्चीत बसवून ठेवू नका. वस्तू हातात घ्या. माणसांना जाऊ द्या, आणि ती परत येईपर्यंत त्यांचं काम तुम्ही करा.