खनुनचं सुटलेलं पोट

आमच्या म्हाताऱ्या कुत्र्याचं, खनुनचं पोट सुटलं होतं, पाठीवरचे केस गेले होते आणि कितीही पाणी ठेवलं तरी भांडं रिकामं. लाम्पांगच्या बाजारात आमचं नूडल्सचं दुकान. गिऱ्हाइकं विचारायची, "कुत्री गाभण आहे वाटतं?"

प्राण्यांच्या डॉक्टर ओरथाईंनी रक्त तपासलं. थायरॉइड कमी निघालं.

"एवढ्यावरून गोळ्या देणार नाही," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या आजारानंही ते खाली येतं. मला अ‍ॅड्रीनल ग्रंथीची शंका आहे. ती जास्त काम करते तेव्हा कुत्रा असाच दिसतो."

त्यांनी रक्त घेतलं, ग्रंथीला चेतवणारं इंजेक्शन दिलं आणि तासाभरानं पुन्हा रक्त घेतलं. बँकॉकहून रिपोर्ट आला तेव्हा त्यांनी तो दोनदा वाचला.

"ग्रंथी जवळजवळ झोपलीय."

"म्हणजे जास्त नाही, कमी?"

"दिसायला जास्त, रिपोर्टात कमी."

"मग खरं काय धरू? कुत्रा की कागद?"

"दोन्ही. ही ग्रंथी शरीरातलं स्टेरॉइडच बनवते. ते बाहेरून मिळालं की अंग असंच सुटतं आणि ग्रंथी काम सोडते. घरी काही मलम, औषध देता?"

"नाही हो," मी म्हणाले. घरात मी आणि बाबा, दोघंच.

घरी आले तर बाबा चिकट भाताच्या गोळ्यात काळी गोळी दडपून खनुनला भरवत होते.

"बाबा, हे काय?"

"गुडघ्यांची. फेरीवाल्या वैद्याकडची. मी घेतो तीच. हाही म्हातारा झालाय, जिना चढताना कण्हायचा. आता बघ कसा पळतो."

मी बाबांच्या तोंडाकडे बघितलं. गाल गरगरीत झाले होते. तब्येत सुधारली म्हणून मी खूश होते.

गोळ्या तपासल्या. स्टेरॉइड निघालं.

"एकदम बंद करू नका, कोसळेल," डॉक्टर म्हणाल्या. "हळूहळू कमी करू. आणि बाबांना आजच माणसांच्या डॉक्टरकडे न्या. त्यांच्याही गोळ्या मनानं थांबवू नका."

"मला कुत्र्याची तपासणी?" बाबा रस्ताभर पुटपुटत होते. त्यांनाही तसलंच इंजेक्शन दिलं. त्यांचीही ग्रंथी झोपलेली.

आता दोघांच्या गोळ्या कमी झाल्यात. खनुनच्या पाठीवर लव आलीय, पण जिना त्याला चढवत नाही. बाबांचे गाल उतरलेत आणि गुडघे पुन्हा ठणकतात. दोघं खालच्या पायरीवर बसून असतात.

"पोरी, आम्ही बरे होतोय की बिघडतोय?" काल बाबांनी विचारलं.

बरे होताय, गोळी फक्त दुखणं दाबत होती, असं मी सांगितलं. त्यांना ते पटलं नाही.