डाव्या हाताची सतार

उत्कर्षाला काही विचारायची सोयच नाही. प्रश्न संपायच्या आत उत्तर तयार! मिरजेतल्या शेजारच्या दस्तगीरचाचांच्या सतारींसाठी तिनेच वेबसाइट केली, तीही फुकट. त्याचा तोरा बाई वर्षभर मिरवत होत्या.

कराडच्या राजेश्वरीची ऑर्डर आली तेव्हा चाचांचा फोन आला होता. लहानपणापासून ते तिला बेटाच म्हणायचे.

"बेटा, हितं डावखुरी लिवलंय. आन् नक्षी नको. पोरगी खरंच डाव्या हातानं वाजवती व्हय?"

"चाचा, सिस्टीममध्ये आलंय म्हणजे बरोबरच असणार. बिनधास्त करा." उघडून बघायचे कष्ट कोण घेतो?

आज राजेश्वरी वडिलांबरोबर सतार न्यायला आली. उत्कर्षाही वेबसाइटसाठी फोटो काढायला दुकानात हजर. राजेश्वरीने सतार मांडीवर घेतली आणि गोंधळली. खुंट्या भलत्या बाजूला, तारा उलट्या. पुढच्या आठवड्यात पहिला कार्यक्रम, आणि पोरगी चक्क उजव्या हाताने वाजवणारी! हौसेने मागितलेल्या नक्षीचा तर पत्ताच नाही.

उत्कर्षाने घाईघाईने लॅपटॉपवर कोड काढला. ऑर्डरीपुढे नुसतं ट्रू, फॉल्स, म्हणजे हो, नाही. त्यातलं पहिलं कशाचं? लिहिताना वाटलं होतं, लक्षात राहील. राहिलं कुठलं! ऑर्डर वाचणाऱ्या कोडमध्ये आधी डावखुरी, मग नक्षी. फॉर्मवरून पाठवताना तिनेच आधी नक्षी घातलेली. आजवर कुणी ना नक्षी मागितली होती, ना डावखुरी, म्हणून निभावलं. तिचे कान तापले.

"माझीच चूक," चाचा राजेश्वरीच्या वडिलांपुढे हात जोडत म्हणाले. "वय झालं. वाचण्यात गफलत झाली असंल. बास, आता ह्यो धंदाच बंद करतो."

गप्प बसली असती तर कुणालाच कळलं नसतं. पण तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चाचा, तुम्ही बरोबरच वाचलंत. चूक माझी. तुम्ही विचारलंत, तरी मी बघितलं नाही."

चाचांनी स्वतःची सतार काढून राजेश्वरीला कार्यक्रमापुरती दिली.

उत्कर्षाने ते ट्रू-फॉल्स त्याच दिवशी उपटून टाकलं. आता तिथे 'हात: उजवा', 'नक्षी: हवी' असं सरळ लिहावं लागतं, शेंबड्या पोरालाही कळेल. आधीच केलं असतं तर काय बिघडलं असतं?

पुढच्या ऑर्डरीला चाचांचा फोन आला, तेव्हा तिला केवढं हायसं वाटलं.

"सगळं नीट दिसतंय," ते म्हणाले. "तरी एकदा बघून सांगता का, मॅडम?"

उत्कर्षाने लॅपटॉप ओढून ऑर्डर उघडली. "बघते, चाचा," एवढंच ती कसंबसं म्हणाली.