गाडीबाबा आणि मधोमधचा आवाज

दुकानांमागच्या मोकळ्या जागेत मुंगीला शिरायला वाव नव्हता. मध्ये एक लांबलचक काळी गाडी, काचांना पडदे, आणि दाराशी गाडीबाबा. आत बसलं की गेलेलं माणूस बोलतं, अशी बातमी शहरभर झाली होती. एक बाई हुंदके देत उतरली आणि बाबांच्या पायांवर कोसळली. मग काय विचारता, रांगेतल्या सगळ्यांच्या अंगावर काटाच आला.

रांगेत आईमागे उभी असलेली थोरली लेक मात्र सारखी चुळबुळत होती. इस्पितळात लोकांचे कान तपासणं हे तिचं काम. पेशंट तिला कानवालीच म्हणत. आईच्या हृदयाची झडप खराब झाली होती. उद्या सकाळी ऑपरेशनसाठी भरती व्हायचं ठरलेलं, आणि काल इथे येऊन गेल्यापासून आईनं एकच धोशा लावला होता, की ह्यांनी गाडीत येऊन नको म्हटलंय. वडील जाऊन वर्ष झालं होतं. आता टाळलं तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. कानवालीनं समजूत घातली, चिडली, रडलीसुद्धा. शेवटी, मलाही ऐकू दे म्हणून ती आईबरोबर आली.

बाबांची टकळी चालूच होती. आत्मा डावीकडे नसतो, उजवीकडे नसतो, तो मध्यावर तरंगतो. मोबाइलचं लॉक काढून टोपलीत ठेवा, आत्म्याला वाट मोकळी लागते. डोकं सीटला टेकवून बसा, हललात तर आत्मा बिथरेल. इतका नाजूक आत्मा गाडीच्या धुरात कसा टिकतो, हे कुणी विचारत नव्हतं.

कानवाली पुढच्या सीटवर बसली. बाबांच्या चेल्यानं डॅशबोर्डच्या मध्यावरून हात फिरवून दाखवला. तिथे काहीच नव्हतं. दार लागलं, आणि त्याच रिकाम्या जागेतून वडील बोलले, "ऑपरेशन नको. मी बरा आहे."

अजून बोलू दे, एवढंच तिला वाटत राहिलं. पण आवाज पुन्हा आला तेव्हा त्यामागे बारीकशी टिंग ऐकू आली. इस्पितळाच्या लिफ्टची घंटा होती ती. गुडघ्याचं ऑपरेशन नाकारून वडिलांनी आईच्या मोबाइलवर बोलून पाठवलेला निरोप! आईनं तो जपून ठेवला होता, आणि मोबाइल मात्र काल लॉक काढून टोपलीत टाकला होता.

ती मुद्दाम दाराकडे झुकली. मधला आवाज सरकत दारातच आला. झालं, तिनं गाडीची सगळी दारं उघडली, पडदे ओढून काढले आणि आईला त्याच सीटवर बसवलं. कान तपासताना पेशंटला सांगायची तसंच तिनं आईला सांगितलं, डोळे मीट आणि आवाज येईल तिकडे बोट कर. मग गाडीच्या स्टिरिओचं, आवाज डावी-उजवीकडे सरकवणारं बॅलन्सचं बटण फिरवलं. आईचं बोट मधून उजवीकडे गेलं, मग डावीकडे. सगळी रांग बघत राहिली.

दोन्ही बाजूंच्या स्पीकरचा आवाज एकाच वेळी, सारखाच पोचला की मेंदूला तो मधून आल्यासारखा वाटतो, हे तिनं सगळ्यांना समजावलं. जवळच्या स्पीकरचा आवाज किंचित उशिरा सोडला होता, म्हणून या एकाच सीटवर दोन्ही बरोबर पोचत होते. म्हणूनच हलायची बंदी.

बाबा गरजले, की नास्तिक बाईमुळे आत्मा रुसला. रांगेतल्या एकानं विचारलं, बटण फिरवल्यावरच कसा रुसतो? हशा पिकला आणि लोक आपापले मोबाइल घ्यायला टोपलीकडे धावले. कानवाली त्यांना म्हणाली, की गेलेल्या माणसाची आठवण येते, त्यात लाज नाही. पण हलू नका, विचारू नका असं कुणी सांगितलं, की आधी हलून बघा आणि विचारा.

आई अजून सीटवरच होती.

"म्हणजे हे बोललेच नाहीत?"

"बोलले, आई. स्वतःच्या गुडघ्याबद्दल. तुझ्याबद्दल एक अक्षरही नाही."

"आज असते तर काय म्हणाले असते गं?"

"ते मला नाही माहीत. डॉक्टर काय म्हणाले, ते माहीत आहे."

आईनं पदरानं डोळे पुसले. रडू काही थांबत नव्हतं. तशीच ती सीटवरून उतरली आणि विचारलं, "सकाळी किती वाजता निघायचं?"