दोन सुट्या तारा

लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर पालथा पडला होता आणि सर त्याच्या पाठीचे स्क्रू काढत होते. प्रत्येक स्क्रू ते कोऱ्या कागदावर, जिथून निघाला त्याच जागी ठेवत होते. कारण मागचे स्क्रू लांब होते, पुढचे आखूड, आणि लांब स्क्रू आखूड भोकात पिळला की आतल्या भागाचा निकाल लागतो.

"दुकानात दिला असता तर काय बिघडलं असतं?" पत्नीने स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं.

"बिघडलंय काय, तेच बघतोय."

"अहो, पोराने सांगितलं ना, वायफायचं कार्ड गेलं म्हणून. पार्ट मिळत नाही म्हणाला."

"गेलं असेल तर गेल्याची खूण असेल. ती बघतो, मग मानतो."

"मानाल हो. लग्न ठरताना माझी जन्मतारीखसुद्धा कागद बघून पडताळली होतीत."

"आणि ती चुकीची निघाली होती," सर म्हणाले.

सरांची हयात रसायनशास्त्र शिकवण्यात गेली होती. लोक त्यांना तोंडावर सर म्हणत आणि पाठीमागे शंकासुर. दोन्हींबद्दल त्यांची तक्रार नव्हती. तक्रार होती ती मुलाच्या नव्या धंद्याबद्दल. नळाला बसवायच्या एका चकचकीत यंत्राची एजन्सी त्याने घेतली होती. हे यंत्र म्हणे पाण्याच्या रेणूंची मांडणी सुधारतं, आणि मग मूत्रपिंडं, सांधे, झोप सगळंच ताळ्यावर येतं. सरांनी यंत्रात शिरणारं आणि यंत्रातून निघणारं पाणी शेजारी शेजारी ठेवून तपासलं होतं. फरक फक्त भांड्यांचा होता.

त्यावरून घरात बरीच आदळआपट झाली. शेवटी मुलगा म्हणाला होता, "बरं बाबा, तुमच्या ओळखीत एकही विकणार नाही. शब्द देतो." पुराव्यावाचून कोणतंही विधान न मानणाऱ्या सरांनी हे एक विधान न तपासता मान्य केलं. मुलाच्या शब्दाची चाचणी घ्यायची तरी कशी, हा प्रश्न त्यांना पडला नव्हता असं नाही. तो विचारणं त्यांना बरं वाटलं नव्हतं.

म्हणूनच जुन्या विद्यार्थ्याचा ईमेल आला तेव्हा त्यांनी घाई केली नाही. हा विद्यार्थी आता चष्म्यांचं दुकान चालवत होता. त्याच्या आईची मूत्रपिंडं अधू होती. 'सर, आईसाठी हे यंत्र घेऊ का? तुम्ही म्हणाल ते अखेरचं.' पुन्हा एकदा तपासून कळवतो, असं सरांनी लिहिलं. तपासणी झाली, निकाल तोच निघाला, आणि नेमकं त्याच सुमारास लॅपटॉपचं इंटरनेट बंद पडलं. मुलाने तो खोलीत नेऊन उघडून पाहिला आणि मान हलवत परत आणून दिला.

सरांनी हात नळाला टेकवून अंगातली स्थिर वीज घालवली, मागचं झाकण उचकटलं आणि आधी बॅटरीची जोडणी सोडवली. कार्ड एका कोपऱ्यात होतं, टपाल तिकिटाएवढं. त्यावर जळल्याचा डाग नव्हता. त्यावर टिचबटणासारख्या बसणाऱ्या दोन बारीक तारा मात्र जागेवर नव्हत्या. एक काळी, एक पांढरी; दोन्हींची टोकं चिकटपट्टीत गुंडाळून बाजूला सारलेली होती.

एखादी तार धक्क्याने सुटू शकते. दोन्ही सुटणं अवघड, पण अशक्य नाही. चिकटपट्टी मात्र आपोआप उगवत नाही. शिवाय पट्टीचं टोक दुमडलेलं होतं, पुढे सोडवताना नखाला धरता यावं म्हणून. ही सवय सरांनीच मुलाला लहानपणी लावली होती.

त्यांनी वर पाहिलं. पत्नी पदराला हात पुसत होती. हात कोरडे होते.

"तुला ठाऊक होतं?"

"दोन तारा तर काढल्या," ती म्हणाली. "कुणाचा हात नाही मोडला. त्याचा जरा जम बसेपर्यंत तुम्ही गप्प राहावं, एवढंच."

सरांनी तारा जागेवर दाबल्या. बारीकसा 'टक' आवाज आला, दोनदा. बॅटरी जोडून त्यांनी लॅपटॉप झाकणाशिवायच सुरू केला. साठलेली पत्रं धडाधड उतरली. त्यात चष्मेवाल्याचं होतं.

'सर, उत्तराची वाट पाहिली, मग तुमच्या चिरंजीवांना विचारलं. ते म्हणाले, बाबांचा विरोध असता तर त्यांनी तेव्हाच कळवलं नसतं का? पटलं. यंत्र बसवलं आहे. आई गोळ्या कमी करते आहे. आभारी आहे.'

मुलगा दारातून आत आला, उघडा लॅपटॉप पाहून थांबला, आणि चप्पल काढायचं विसरला.

"शब्द दिला होतास," सर म्हणाले.

"बाबा, तो स्वतः आला. मी गेलो नव्हतो."

"आणि गोळ्या?"

"गोळ्या बंद करा असं मी कधीच म्हणत नाही. लोक आपलं आपण ठरवतात."

"माझ्या गप्प बसण्याचं प्रमाणपत्र करून विकलंस."

"तुमच्या बोलण्याला कुणी विचारत नव्हतं, बाबा. गप्प बसलात तर निदान उपयोग झाला." बोलून झाल्यावर त्यालाच ते जड गेलं असावं. तो भिंतीकडे बघू लागला. "पोराच्या पोटावर पाय देऊ नका," पत्नी म्हणाली.

सरांनी उत्तर लिहायला घेतलं, पण दोन वाक्यांतच उठले. ईमेल कधी वाचला जाईल याची खात्री नव्हती, आणि गोळ्या रोजच्या होत्या. दुकान दोन गल्ल्या पलीकडे होतं. त्यांनी चपला घातल्या.

चष्मेवाला एका फ्रेमची काडी सरळ करत होता. सरांना पाहताच तो उठला, खुर्ची पुसली, आतल्या बाजूला हाक मारली. "आई, सर आलेत! स्वतः!" आई भिंत धरत बाहेर आली. तिचे पाय सुजलेले होते. तिने सरांपुढे पाण्याचा ग्लास ठेवला. "तुमच्याच घरचं यंत्र," ती कौतुकाने म्हणाली.

"हे साधं पाणी आहे," सर म्हणाले. "तुमच्या नळाला जे येतं, तेच. मी तपासलंय. गोळ्या आजपासून पहिल्यासारख्या सुरू करा आणि उद्या डॉक्टरांकडे जा. यंत्र काढून टाका."

आईने मुलाकडे पाहिलं. त्याने हातातली फ्रेम काचेवर ठेवली.

"कधी तपासलंत, सर?"

"तू विचारलंस, त्याच आठवड्यात."

"मग इतके दिवस गप्प का बसलात?" त्याचा आवाज चढला नव्हता. वर्गात शंका विचारायचा तसाच तो विचारत होता. "घरातला माल खपेपर्यंत?"

आपल्याच मुलाने लॅपटॉपच्या तारा काढल्या होत्या, हे सांगायला सरांनी तोंड उघडलं. वाक्य तयार होतं. त्यातला प्रत्येक शब्द खरा होता. पण सुजलेल्या पायांची ती बाई त्यांच्याकडे बघत होती, आणि त्या नजरेसमोर ते वाक्य मुलावर ढकलून हात वर केल्यासारखं ऐकू येणार, हे त्यांना उच्चारण्याआधीच कळलं.

"लॅपटॉप बिघडला होता," ते म्हणाले.

चष्मेवाल्याने मान हलवली. समजल्यासारखी नव्हे, गृहपाठ घरी राहिला म्हणणाऱ्या मुलापुढे हलवावी तशी. मग तो ग्लास उचलून आत घेऊन गेला.